गंधवार्ता

मराठीत 'गंधवार्ता' असा एक शब्द आहे. 'या प्रकाराची कोणाला गंधवार्ताही नव्हती' हे वाक्य आपण वर्तमानपत्रात कितीदा तरी वाचले असेल. गंध म्हणजे वास आणि वार्ता म्हणजे बातमी. या दोहोंची गाठ मराठीने कधी बांधली ते भाषेचे पंडित सांगतील, पण ती उगीच बांधलेली नाही. बातमी कानावर येण्याआधी तिचा वास येतो, असा माणसाचा जुना अनुभव आहे. शेजारी बिर्याणीची देग चढली की दावत आहे हे निरोप येण्याआधी नाकाला कळते. प्रश्न एवढाच, की निरोप येण्याआधीच आपण हात धुऊन दस्तरख्वानावर जाऊन बसावे काय?

हा प्रश्न आमच्यापुढे आला तो वर्गात. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी, उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी शिकवतो. शब्दाचा सरळ अर्थ आणि लाक्षणिक अर्थ हा भाग नववीच्या मुलांना समजावून देताना अभिधा, लक्षणा ही नावे फळ्यावर लिहिली की निम्म्या वर्गाला जांभया येतात. 'हकीकी मानी' आणि 'मजाजी मानी' म्हटले की तीच मुले ताठ बसतात, कारण ही जोडी त्यांना उर्दूच्या तासाला भेटलेली असते. बी.एड.ला आम्हांला शिकवले होते की भाषा परिसरातून शिकवावी. म्हणून गेल्या वर्षी आम्ही मुलांना एक उद्योग दिला. महिनाभर घरी, हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात जे मराठी वर्तमानपत्र मिळेल ते मागून आणायचे, त्यात वासाचा शब्द दिसला की कात्री लावायची आणि वहीत दोन रकाने करून चिकटवायचे. एक हकीकी, दुसरा मजाजी. वासच का निवडला, असे मुख्याध्यापकांनी विचारले. खरे सांगायचे तर शाळेमागच्या नाल्यामुळे त्या दिवशी दुसरे काही सुचत नव्हते!

पीक मात्र अपेक्षेपेक्षा जास्त आले. दुर्गंधी, उग्र वास, कुबट वास, दर्प, भपकारा, घमघमाट, दरवळ. मजाजी रकान्यात भ्रष्टाचाराची दुर्गंधी होती, कटाचा वास होता, कुजलेली व्यवस्था होती आणि कोणा समाजसेवकाच्या कीर्तीचा सुगंध होता. 'खमंग चर्चा' कोणत्या रकान्यात घालावी यावरून दोन मुली भांडल्या. 'दर्प' या शब्दाने तर आम्हांलाच अडवले. कारखान्यातून रसायन गळले तर तिथेही दर्प आणि पुढाऱ्याला सत्ता चढली तर तिथेही दर्प. संस्कृतात त्याचा अर्थ गर्व. मराठीत तो नाकापर्यंत कसा पोहोचला हे ठाऊक नाही, पण गर्विष्ठ माणूस खोलीत आला की ते आधी नाकाला कळते, असे समजावे आणि पुढे जावे.

'वास' हा मूळचा गरीब शब्द. मोगऱ्याचाही वास आणि मेलेल्या उंदराचाही वासच. फारसीतला 'बू'ही तसाच. पुढे 'खुश' लावले की खुशबू, 'बद' लावले की बदबू. पण दोन्ही भाषांत एक गंमत झाली. काही न जोडता नुसते 'वास येतो' म्हटले किंवा नुसते 'बू आती है' म्हटले की ऐकणारा नाकाला रुमाल लावतो. चांगल्या वासाला सांगणारा लागतो, वाईट वास विशेषणावाचून उभा राहतो. माणसाच्या मनाचा कल यात दिसतो की नाही? शिवाय मराठीत 'वास' म्हणजे राहणेही. वनवास, रहिवास, सहवास. शब्दकोशात हे दोन वेगळे शब्द आहेत, मुळे वेगळी आहेत. पण लिहिताना ते एकच दिसतात. मुलांच्या वह्या चाळताना आमच्या मनात आले, की वर्तमानपत्रातही हे दोन वास एकमेकांत मिसळतात. माणूस कुठे राहतो यावरून त्याला कोणता वास येतो हे ठरते.

हकीकी रकान्यातले पत्ते आम्ही वाचून पाहिले. नाल्याकाठच्या वस्त्या, कचरा डेपोच्या शेजारची घरे, मासळी बाजार, कत्तलखान्याची गल्ली. मजाजी रकान्यातले पत्ते वेगळे होते: कार्यालये, निविदा, परीक्षा, बँका, पक्षांतरे. म्हणजे गरिबाचा वास खरा आणि श्रीमंताचा अलंकारिक! एका वर्गाच्या एका महिन्याच्या कात्रणांवरून सिद्धांत मांडू नये, हे आम्हांला कळते. तरी हे दिसले ते दिसले.

जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक १९०३ साली बिहारात मोतिहारीला जन्मला. १९३७ च्या 'द रोड टु विगन पिअर' या पुस्तकात त्याने एक गोष्ट उघडपणे मांडली. कामगारांच्या अंगाला वास येतो, ही समजूत आपल्यासारख्या मध्यमवर्गीय मुलांच्या मनात लहानपणीच भरवली गेली, आणि वर्गावर्गांतली खरी भिंत तीच आहे, असे त्याचे म्हणणे. मतांचा द्वेष वाद घालून जाऊ शकतो, नाकाचा जात नाही. हे वाचताना आम्ही मान डोलावली होती. पुढे स्वतःच्याच वर्गात आमची फजिती झाली.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगण्याची गरज नाही. त्याच्या वडिलांचे मटणाचे दुकान आहे आणि फजरनंतर शाळेच्या वेळेपर्यंत तो तिथे हाताखाली असतो. एकदा जूनच्या दमट हवेत आम्ही त्याला पुढच्या बाकावरून उठवून खिडकीपाशी बसवले. कारण सांगितले नाही. त्याने विचारलेही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून खिडकीपाशी बसू लागला आणि केसांना इतके तेल लावून येऊ लागला की त्याचाच वास वर्गभर पसरे. आम्ही रमजानमध्ये दरवर्षी मुलांना ती हदीस सांगतो, की रोजेदाराच्या तोंडाचा वास अल्लाहजवळ कस्तुरीहून अधिक पसंतीचा आहे. माणसाच्या नाकाला जे नकोसे वाटते ते वरच्या दरबारात वेगळ्या तराजूत तोलले जाते, असा तिचा अर्थही समजावून देतो. आणि तोच आमचा हात त्या मुलाला खिडकी दाखवतो. शिक्षक माणसाचे सांगणे आणि करणे यांत किती अंतर असते ते विद्यार्थी मोजत असतात, फक्त बोलत नाहीत.

हाच मुलगा एक कात्रण घेऊन टेबलाशी आला. ते एका स्थानिक पत्रातले होते आणि आमच्याच मोहल्ल्याबद्दल होते. बातमी दोन परिच्छेदांची. पहिल्यात लिहिले होते की या भागात गटारे उघडी आहेत, कचरा उचलला जात नाही आणि दुर्गंधीमुळे जाणे-येणे मुश्कील झाले आहे. अगदी खरे. दुसऱ्यात लिहिले होते की याच भागात अलीकडे रात्री उशिरापर्यंत बैठका होत आहेत आणि त्यांतून 'वेगळाच वास' येऊ लागल्याची चर्चा आहे. निवडणुकीचे दिवस होते. मुलाने विचारले, "सर, पहलीवाली बू तो हकीकी है। ये दूसरीवाली किस खाने में चिपकाऊँ?"

आम्ही म्हणालो, मजाजीत. तो म्हणाला, "मगर सर, पढनेवाले को तो एकीच बू आएगी ना?"

आम्हांला उत्तर आले नाही. त्या बैठकांना त्याचे वडील जात, हे आम्हांला माहीत होते. सामुदायिक विवाहाची तयारी चालली होती. मंडप कोणाचा, भांडी कोणाची, मुलींना काय द्यायचे, याची. दिवसभर हातावर पोट असणारी माणसे रात्री नाही तर केव्हा बसणार? बातमीदाराने येऊन एक पेला चहा घेतला असता तरी त्याला सगळे कळले असते.

त्या मुलाने जे पकडले ते आम्ही बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. 'गटाराला दुर्गंधी आहे' हे विधान तपासता येते. कोणीही यावे, नाक घेऊन उभे राहावे. खोटे असेल तर वाचकच लिहिणाऱ्याला खोटे ठरवील. 'बैठकीला वेगळा वास आहे' हे विधान तपासायला कोणते नाक आणायचे? या दुसऱ्या वासाला जागा नाही, वेळ नाही, साक्षीदार नाही. तरी तो खरा वाटतो, कारण शेजारचा पहिला वास खरा आहे. उधारी अशी चालते. अलंकार आपल्या पदरचे काही आणत नाही, तो सरळ शब्दाच्या खात्यावर माल उचलतो. आणि हा माल ज्याच्या नावावर लिहिला जातो त्याला वहीच दाखवली जात नाही.

सरळ अर्थाच्या दुर्गंधीवर आमचा राग नाही, हे इथेच सांगून टाकतो. नाकाला पाच-दहा मिनिटांत सवय होते आणि रोजचा वास त्याला जाणवेनासा होतो. नाल्याकाठी राहणाऱ्यांना नाला कळत नाही. तो कळायला बाहेरचा माणूस यावा लागतो, आणि बाहेरचा माणूस बहुधा बातमीदार असतो. त्याने 'दुर्गंधी' लिहिले म्हणून आमची बदनामी झाली, असे म्हणणारे लोक आमच्यात आहेत. आम्हांला ते पटत नाही. नाला तुंबला असेल तर तो तुंबलाच आहे.

वास हा इशाराही असतो. आमचे विज्ञानाचे सहकारी सांगतात की घरगुती सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन नावाचा घाणेरडा वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. म्हणजे बाहेरून घातलेला वाससुद्धा जीव वाचवतो. मात्र जिथे गॅस आहे तिथेच तो घातला जातो. रिकाम्या सिलिंडरमध्ये वास भरून कोणी कोणाच्या घरी पोहोचवत नाही. बातमीच्या धंद्यात अशी रिकामी सिलिंडरे पुष्कळ फिरतात.

वासावरून बातमी कशी गाठावी याचे एक उदाहरण आम्ही मुलांना सांगतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. कोणीतरी मिरच्या जाळतोय असे वाटले, ही वाचलेल्या कितीतरी लोकांची साक्ष आहे. जळक्या मिरचीचा तो वास अगदी हकीकी होता आणि हजारोंचा तो शेवटचा वास ठरला. पण राजकुमार केसवानी नावाच्या तिथल्या पत्रकाराला या धोक्याची चाहूल फार आधी लागली होती. १९८१ च्या अखेरीस याच कारखान्यात वायुगळतीने एक कामगार मेला. तो केसवानींच्या ओळखीचा होता. त्यांना संशय आला. त्यांनी तो संशय तसाच छापला नाही. कामगारांना भेटले, कारखान्याच्या सुरक्षा तपासणीचे कागद मिळवले, वाचले आणि १९८२ साली आपल्या 'रपट' या लहानशा साप्ताहिकात धोका मांडला. १९८४ मध्ये, दुर्घटनेच्या काही महिने आधी, पुन्हा लिहिले. कोणी ऐकले नाही ही गोष्ट वेगळी. वास आला म्हणून ते घराबाहेर पडले, आणि घरी परतताना त्यांच्या हातात कागद होते. मधले हे चालणे ज्याने वाचवले, त्याच्या लेखणीतून 'वास येतो' एवढेच वाक्य उतरते.

आमचे आजोळ मालेगाव. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानात स्फोट झाले तेव्हा आम्ही शाळकरी होतो. तीसहून अधिक माणसे गेली. मरणारे मुसलमान होते आणि पुढे पकडले गेलेले नऊ जणही मुसलमान होते. त्या दिवसांतल्या बातम्यांत 'संशय', 'धागेदोरे', 'वास' हे शब्द एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलेले आम्हांला आठवतात. त्यांतल्या काहींची पाच वर्षे तुरुंगात गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. एक जण तो निकाल ऐकायला हयातही नव्हता. 'हिंग गेला पण वास राहिला' ही म्हण आपण स्वयंपाकघरातली समजतो. त्या घरांत मुलींची सोयरीक ठरवायला बसल्यावर ती वेगळी ऐकू येते. दोषमुक्तीची बातमी आतल्या पानावर एकदा येते. वास पहिल्या पानावर महिनाभर आलेला असतो.

इथे थांबलो तर वाचकांना बरे वाटेल, कारण यात आपण फक्त सोसणारे आहोत. पण पुढचेही सांगितले पाहिजे. २९ सप्टेंबर २००८ ला, रमजानमध्ये, त्याच मालेगावात भिक्कू चौकात स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. या वेळी पकडले गेलेले दुसऱ्या धर्माचे होते. तेव्हा आपल्या हॉटेलांत, आपल्या चौकांत, आपल्या कागदांवर 'साजिश की बू' हा शब्द किती चवीने फिरला! आम्हीही तो वापरला. कोणता कागद पाहून? कोणताच नाही. आपल्या नाकाला बरा वाटला म्हणून. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे न्यायाचे जुने तत्त्व. २०१६ ला ते आपल्याला गोड लागले, २०२५ ला कडू. त्या सहा घरांना मात्र अजून कोणी सांगितलेले नाही की त्यांची माणसे कोणी मारली. वासाने त्यांना सतरा वर्षे काहीच मिळाले नाही. त्यांना तपास हवा होता.

यावर आमचे एक पत्रकार स्नेही म्हणतात, "तुम्ही मास्तर लोक भाषेला नुसती पांढरी साडी नेसवता. अलंकार काढले तर बातमी कोण वाचणार? आणि पुष्कळदा वास खरा निघतो, पुरावा मागाहून येतो." त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. घोटाळ्यांची कितीतरी प्रकरणे कोणाला तरी आधी वास आला म्हणूनच बाहेर आली असतील. वास येऊच नये असे कोण म्हणेल? नाक अल्लाहनेच दिले आहे.

सूरह यूसुफमध्ये वासाची जी हकीकत आहे ती या बाबतीत आम्हांला फार शिकवते. काफिला मिसरहून निघाला आणि दूर बसलेल्या हजरत याकूब (अ.) यांना यूसुफचा सुगंध आला. त्यांनी घरच्यांना तो सांगितला, पण सांगताना हेही म्हटले की तुम्ही मला भ्रमिष्ट समजाल. घरच्यांनी तेच समजले. मग खुशखबर आणणारा आला, त्याने कुर्ता त्यांच्या चेहऱ्यावर टाकला आणि दृष्टी परत आली. पैगंबराचे नाक खरे होते, तरी त्याच्यामागून कुर्ता यावा लागला. आणि याच सूरहच्या आरंभी दुसरा एक कुर्ता आहे, खोटे रक्त लावलेला. मुलांनी तो पुढे केला तेव्हा याकूब (अ.) यांना काय शंका आली असेल? ती त्यांनी बोलूनही दाखवली, की ही गोष्ट तुमच्या मनाने रचली आहे. पण त्या शंकेवर त्यांनी कोणाला शिक्षा केली नाही, सब्र केला. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की तहकीक करा, नाहीतर अजाणता एखाद्या कौमला इजा कराल आणि पस्तावाल, असा जो हुकूम आहे तो आपण दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांना नेहमी ऐकवतो. पुढे त्याच सूरहमध्ये फार संशय घेण्यापासून दूर राहायलाही सांगितले आहे. ते आपण व्हॉट्सॲपवर एखादी गोष्ट पुढे ढकलताना स्वतःला ऐकवतो का?

पत्रकार स्नेह्यांना आम्ही एवढेच म्हणालो, की वास आला तर जरूर निघा, पण वाचकाला वास विकू नका, कुर्ता आणून द्या. ते हसले. "मास्तर, कुर्ता आणायला दिवस लागतात, आणि पान रात्री नऊला लागते," म्हणाले. हेही खरेच आहे, आणि त्याला आमच्याकडे उत्तर नाही.

वर्गात मात्र आम्ही एक केले. त्या कात्रणाला उत्तर म्हणून मुलांकडून संपादकांना पत्र लिहून घेतले. अट एकच घातली: वासाचा एकही शब्द नको, हकीकी नको आणि मजाजीही नको. मुलांना ते अवघड गेले. मग ती मोजायला लागली. घंटागाडी किती दिवस आली नाही: अकरा. गटारावरची फरशी किती ठिकाणी फुटली: सात. रात्रीच्या बैठका किती झाल्या: चार. त्यांत किती मुलींची लग्ने ठरली: नऊ. मंडपवाल्याचे नाव आणि लग्नाची तारीखही घातली. बातमीदाराला दावतही दिली, ती त्या मटणवाल्या मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिली. त्याला आम्ही त्या दिवशी पुन्हा पुढच्या बाकावर बसायला सांगितले. तो म्हणाला, "नहीं सर, खिडकी के पास हवा अच्छी आती है।" आम्ही आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

पत्र छापून आले. बैठकांचा आणि लग्नांचा मजकूर जागेअभावी कापला गेला असावा. उरले ते घंटागाडीचे आणि फरश्यांचे. मथळा कार्यालयात कोणीतरी दिला होता: 'दुर्गंधीने विद्यार्थी हैराण'. तिसऱ्या दिवशी घंटागाडी आली. मुलाने ते कात्रण कापून आणले, हकीकी रकान्यात चिकटवले आणि खाली पेन्सिलीने लिहिले, 'हे आमचे'. त्या जुन्या कात्रणाची जागा वहीत अजून रिकामी आहे. ते त्याने दोन रकान्यांमधल्या रेघेवर टाचणीने लावून ठेवले आहे.